पिछाडीची राणी

आमच्या घरमालकांनी मला त्यांचं घर मागून दाखवलं. म्हणजे घराची मागची बाजू दाखवली असं नव्हे. घर दाखवायला निघाले आणि स्वतः माझ्या मागे चालू लागले.

बायकोची बदली वडगाव रासाईच्या शाळेत झाली, तेव्हा खोली बघायला मी दौंडहून आलो होतो. पारावर एक उंच, सडसडीत म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, टोपी, पायात जाड चपला. कुणीतरी सांगितलं, हेच रंगनाथआबा. मी म्हटलं, "आबा, खोली बघायची होती."

"चला की," म्हणत ते उठले आणि उभेच राहिले. मीही उभाच.

"चला," मी म्हटलं.

"तुम्ही व्हा फुडं."

"मला घर माहीत नाही, आबा."

"मी सांगतो की मागनं."

मी निघालो. मागून शांत आवाजात सूचना येत राहिल्या. "डाव्या अंगानं. न्हाई, त्यो गोठा हाय. आता सरळ. पायाखाली बगा, गटार हाय." ही शेवटची सूचना आली तेव्हा माझा एक पाय गटारात होता. घराचं दार मीच ढकललं, आत मीच आधी शिरलो आणि थेट चुलीसमोर जाऊन उभा राहिलो. तिथं एक बाई भाकरी थापत होत्या. अनोळखी माणूस असा समोर आल्यावर कुणीही दचकलं असतं. त्यांनी थापणंसुद्धा थांबवलं नाही.

"मागं हायेत का ते?" त्यांनी विचारलं.

"आहेत."

"मग बसा."

या काकू. खोली पसंत पडली. त्या घरापेक्षा मला ती दोन माणसं पसंत पडली, हे मात्र नंतर कळलं.

आबा नेहमी सगळ्यांच्या शेवटी चालतात. लग्नाची वरात असो, मयत असो, ग्रामसभेला जाणारी माणसं असोत, आबा सगळ्यात मागे. पाय थकलेत म्हणून नव्हे. मनात आणलं तर ते तरुणांना दमवतील. स्वतःच्या मुलीच्या लग्नात भटजी "वधूपिता कुठंय?" म्हणून विचारत होते आणि वधूपिता मांडवाच्या दारात उभं राहून शेवटचा पाहुणा आत येण्याची वाट बघत होते. मोटारसायकल त्यांना येते, पण ते नेहमी मागेच बसतात. मागे बसल्यावरसुद्धा मान वळवून रस्ता बघतात. एकदा मी त्यांना शिरूरच्या बाजाराला नेलं. सगळ्या वाटेत मागून कोणती गाडी येते आहे हे ते मला सांगत होते, पुढचं मात्र माझं मला बघावं लागत होतं.

वरच्या आळीच्या गोदाआजी एकदा देवळातून परतताना आबांच्या मागे राहिल्या. आबांच्या ते लक्षात आलं तसे ते चपलेचा अंगठा नीट करायला वाकले, म्हणजे आजी पुढे जातील. आजी जुन्या वळणाच्या. पुरुष माणूस वाटेत वाकलाय, त्याला ओलांडून कसं जायचं, म्हणून त्याही थांबल्या. आबा चपलेशी खेळतायत, आजी पदर सावरतायत. शेवटी काकूंनी कुणाला तरी पाठवून दोघांनाही हलवलं.

हे सगळं का, असं कुणी विचारलं की आबांचं एकच उत्तर ठरलेलं असतं. तोही प्रश्नच असतो.

"पिछाडीला कोण हाय?"

गावातली माणसं एकदा टेम्पो करून वढूला, संभाजीराजांच्या समाधीला गेली होती. परतताना सगळे चढले की नाही हे बघायला आबा खाली थांबले. सगळे चढले. टेम्पो निघाला. आबा खालीच. गावात पोचेपर्यंत कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण मोजणी करणारा माणूसच खाली राहिला होता. संध्याकाळी ते कुणाच्या तरी दुधाच्या गाडीतून आले. सगळ्यांना वाटलं, आता ओरडतील. ते म्हणाले, "पिछाडी कवा कवा सुटती. राणीसाहेबांचीबी सुटली आसंल."

तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "कोण राणीसाहेब?"

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू इतके महिने भाडं देऊनही हा माणूस या घरात नीट राहायला आलेलाच नाही.

"रविवारी चला," ते म्हणाले.

रविवारी गेलो. अर्थातच मी पुढे, आबा मागे. गावाबाहेर नदीच्या दिशेनं, उसाच्या कडेनं. बिबट्याचं भय असतं म्हणून हल्ली त्या वाटेनं कुणी एकटं जात नाही. नदीच्या काठावर चिंचेखाली एक दगड उभा होता, कमरेइतका. शेंदूर फासलेला, पुढे कुणीतरी ठेवलेल्या बांगड्या. गावातल्या बायका त्याला घोड्याची आई म्हणतात. खरं तर तो वीरगळ, लढाईत पडलेल्यांच्या आठवणीचा दगड. असे दगड आपल्याकडे गावोगाव आहेत. पण यात एक वेगळं होतं.

आबांनी धोतराच्या सोग्यानं दगडाचा खालचा भाग पुसला. "बगा. आधी काय दिसतंय?"

माणसांची एक रांग दिसत होती. झिजलेली, पण रांगच. डोक्यावर ओझी घेतलेली माणसं, दोन बैल, कडेवर पोर घेतलेली बाई. सगळे डावीकडे निघालेले. रांगेच्या शेवटी एक घोडा होता. घोड्यावर बाई. अंबाडा, हातात तलवार. आणि तो घोडा उजवीकडे तोंड करून उभा होता. सगळी माणसं एकीकडे चाललेली आणि ती एकटी उलट्या दिशेला बघणारी.

"पाथरवट चुकला असेल," मी म्हटलं.

"लोक तेच म्हणत्यात," आबा म्हणाले. त्यांना राग आला नव्हता. त्यांना हे ऐकायची सवय असावी. ते दगडाशेजारी उकिडवे बसले. "ही राणी लई जुनी. नाव कुणालाच ठावं न्हाई. राजा हुता का, मेला हुता का, त्येबी न्हाई ठावं. पन हितं नदीला उतार हाय. पूल न्हवता तवा समदी हितनंच पलीकडं जायाची. आता बगा, मागनं फौज आलीय. गावंच्या गावं निघाल्यात. म्हातारी, पोरंसोरं, गुरं. पाण्यात उतरल्यावर माणूस किती हळू चालतं? तवर मागच्याला कोण थांबवणार?"

"राणी."

"व्हय. आता तुम्ही मला सांगा, थोडे घोडेस्वार घेऊन तिनं मोठी फौज कशी थांबवली?"

मला ठाऊक नव्हतं. आबांना ठाऊक होतं, किंवा त्यांनी ते इतकी वर्षं मनात बघितलं होतं की आता ते ठाऊक असल्यासारखंच होतं. राणीनं घोड्यांच्या शेपटांना बाभळीच्या फांद्या बांधल्या. फुफाटा असा उडाला की समोरच्यांना वाटलं, मागे मोठी फौज आहे. ते थबकले. मग ती पुढे गेली आणि हूल देऊन मागे आली. परत गेली, परत आली. ज्वारीतून एकदा, ओढ्यातून एकदा. प्रत्येक वेळी थोडी मागे सरकत. तिला त्या फौजेला मारायचं नव्हतंच. तिला फक्त वेळ काढायचा होता.

"मारणं सोपं आसतंय, पाव्हणं," आबा म्हणाले. "मागं हटत हटत लढणं लई अवघड. फुडं जाणाऱ्याला जोर आसतो. मागं हटणाऱ्याचं मन मोडतं. तिचं मोडलं न्हाई. शेवटचं माणूस पलीकडं लागंस्तवर ती हितं हुती."

"आणि मग?"

आबांनी दगडाकडं बोट केलं. "मग हा दगड."

ऊन चढलं होतं. नदीला पाणी कमी होतं. पलीकडे राहू गावाच्या बाजूला कुणीतरी मोटर चालू करत होतं.

या सगळ्या युद्धशास्त्राला गावात एकच कायमचा विरोधक होता, तो म्हणजे इमामभाई. त्यांचं वेल्डिंगचं दुकान. आबा आणि ते पहिलीपासून एका बाकावर. आजही एकमेकांना रंग्या आणि इमाम्या म्हणतात, फक्त चारचौघांत आबा आणि भाई. रोज दुपारी इमामभाई आबांच्या ओसरीवर येतात आणि लढाई सुरू होते. शेंगदाणे म्हणजे शत्रूची फौज, हरभरे म्हणजे राणीचे स्वार आणि ओसरीच्या फरशीतली भेग म्हणजे भीमा नदी.

"अरे पण राणी मागे कशाला राहील? राणी हाय ती. राणी समोर पायजे," इमामभाई म्हणायचे.

"म्हूनच मागं. जिथं मरण जवळ, तिथं राणी."

"तू बघितलं का?"

"तू बघितलं का?"

असं बराच वेळ चालायचं. एकदा लढाई ऐन रंगात आली असताना काकू बाहेर आल्या. दोघांच्या मधून शत्रूची सगळी फौज ताटलीत भरली आणि आत नेऊन तिचं कूट केलं. त्या दिवशी वांग्याच्या भाजीला चव आली होती. इमामभाई जेवता जेवता म्हणाले, "बघ. असं समोरून येऊन संपवायचं आसतंय." आबा म्हणाले, "मागच्या दारानं आली हुती ती."

काकूंना राणीचं फारसं कौतुक नव्हतं. "सवत हाय माजी ती," असं त्या माझ्या बायकोला सांगायच्या आणि हसायच्या. पण चिंचेखालच्या त्या दगडापुढच्या बांगड्या त्याच नेऊन ठेवायच्या, हे मी एकदा पाहिलं.

मी कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणजे माल तयार झाल्यावर शेवटी तपासणारा, हे आबांना कळलं तेव्हा त्यांचा माझ्याविषयीचा आदर एकदम वाढला. "म्हंजी कंपनीची पिछाडी तुमच्याकडं," ते म्हणाले. माझ्या कामाचं इतकं चांगलं वर्णन आमच्या मॅनेजरनंही कधी केलेलं नाही.

मग गावात पुतळ्याचं निघालं.

सरपंच तरुण, उत्साही माणूस. त्यांचं म्हणणं, आपल्या गावाला एवढी जुनी राणी आहे, तर चौकात तिचा पुतळा पाहिजे. चित्रही काढून आणलं होतं. उधळलेला घोडा, पुढचे पाय हवेत, राणीची तलवार आभाळात, मागे फौज. ग्रामसभेत ते चित्र सगळ्यांच्या हातांतून फिरलं आणि शेवटी भिंतीला टेकून बसलेल्या आबांकडे आलं. आबांनी ते बराच वेळ बघितलं.

"ही कोन?" ते म्हणाले.

"आपली राणी, आबा."

"ही आपली न्हवं. आपली राणी मागं हाय. फौजेच्या फुडं न्हाई, लोकांच्या मागं. तोंड उलटं पायजे."

सरपंच समजुतीनं म्हणाले, "आबा, दगडावर ते चालतं. चौकात कसं दिसेल? बाहेरची माणसं म्हणतील, यांची राणी पळून चाललीय."

कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी. आबा उठून उभे राहिले. मी त्यांना असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. पाठ भिंतीपासून सुटली होती. ते बोलणार होते. सगळ्या गावाला वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्यानं ऐकवलेलं आता एकदा सरळ सांगणार होते, हे दिसत होतं. इमामभाईसुद्धा पुढे सरकून बसले.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं काकूंचा आवाज आला. अगदी सहज आणि मोठ्यानं.

"कोन राणी?"

आता सगळेच हसले. सवत म्हणवलेल्या राणीचा काकूंनी चांगला समाचार घेतला असंच सगळ्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं. मी आबांकडे बघितलं. ते हसत नव्हते. ते काकूंकडे बघत होते. काकू शेजारच्या बाईला पुन्हा विचारत होत्या, "कोन राणी म्हनत्यात गं? कुठली?" त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

आबांनी ते चित्र शेजारच्याच्या हातात दिलं. "तुमच्या मनाला येईल तसं करा," ते म्हणाले. मग बायकांच्या बाजूला गेले आणि काकूंना म्हणाले, "चला. भाकरी करायच्या न्हाईत का?" दोघं निघून गेले. पुतळा एकमतानं मंजूर झाला.

त्यानंतर माझ्या लक्षात येऊ लागलं. काकू दूध गॅसवर ठेवून अंगणात येऊन बसायच्या. माझ्या बायकोला त्यांनी दोनदा विचारलं, "तुम्ही कुणाच्या?" मग स्वतःच ओशाळून हसल्या आणि म्हणाल्या, "बाई, डोकं ठिकाणावर न्हाई." पुण्याहून मुलगा आला, दवाखान्यात घेऊन गेला, गोळ्या सुरू झाल्या. मुलगा म्हणाला, दोघांनी तिकडे राहायला यावं. आबा म्हणाले, "तिकडं तिला वाट कुठली सापडायची?"

एका संध्याकाळी मी फर्स्ट शिफ्ट करून आलो आणि घराजवळ गाडी लावतच होतो, तेवढ्यात काकू बाहेर पडल्या. काखेत कापडी पिशवी, डोक्यावर पदर, अंगावर ठेवणीतलं लुगडं. नदीच्या रस्त्यानं चालू लागल्या. त्या वाटेला ऊस होता आणि दिवस कलत होता. मी गाडी वळवली, त्यांना गाठायला. तेवढ्यात घरातून आबा बाहेर आले, त्यांनी मला हातानं थांबवलं. तोंडावर बोट ठेवलं. मी गाडी बंद केली आणि त्यांच्याबरोबर चालू लागलो. काकू बऱ्याच पुढे होत्या.

"कुठं निघाल्या?"

"राहूला. आईकडं."

"काकूंची आई आहे?"

"कवाच गेली."

आबांच्या हातात काठी होती, बिबट्यासाठी. ते तिचा आवाज होऊ देत नव्हते.

"मग अडवत का नाही, आबा?"

"पयल्यांदा अडवलं. लई भांडली. मला वळकना. म्हनली, कोन तुमी, वाटंत बायमाणसाला अडवता? रडाय लागली. मानसं गोळा झाली. तिला लई लाजल्यासारखं झालं." बोलताना ते पुढे काकूंकडेच बघत होते. "मानसं बगत्यात हे मातर तिला कळतंय. म्हून आता अडवत न्हाई. जाती तिथवर जाऊ द्यायचं. दमली की बसती."

"रोज?"

"रोज न्हाई. मनात आलं की."

काकू पुलाच्या अलीकडे एका दगडावर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. आबा मला म्हणाले, "तुम्ही हितंच थांबा," आणि पुढे गेले. मला त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"दमलात वाटतं," आबा म्हणाले. जणू आत्ताच वाटेनं येत होते.

काकूंनी पदर सावरला. "राहूला जायाचंय."

"मीबी तिकडंच चाललोय. पन ह्या वाटंला चिखल हाय. त्या अंगानं जवळ पडंल. चला, मी हाय मागं."

काकूंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. पिकलेल्या मिशा, टोपी, काठी. विश्वास ठेवायला हरकत नाही असं त्यांना वाटलं असावं. त्या उठल्या आणि आबांनी दाखवलेल्या दिशेनं, म्हणजे आपल्याच घराकडे, चालू लागल्या. मी उसाच्या कडेला बाजूला झालो. त्या माझ्याकडे न बघता पुढे गेल्या.

पुतळा दिवाळीनंतर बसला. सांगाडा बनवायचं काम इमामभाईंकडे होतं, कारण गावात दुसरा वेल्डर नाही. सांगाड्यावर सिमेंटचं काम बाहेरच्या कारागिरानं केलं. कापड काढलं त्या दिवशी चौकात गर्दी होती. घोडा चित्रातल्यासारखाच उधळलेला. तलवार आभाळात. पण राणीची मान मागे वळलेली होती. घोडा पुढे झेपावतोय आणि ती खांद्यावरून मागे बघतेय, शेवटचं माणूस आलं की नाही ते.

सरपंचांनी इमामभाईंना बाजूला घेतलं. "भाई, मान वाकडी का?"

"लोखंड तसंच वाकलं," इमामभाई म्हणाले.

"मग सरळ करायचं ना."

"सरळ करायला गेलो तर तुटलं आसतं. राणीची मान तुटली तर चालंल का गावाला?"

सरपंचांनी थोडा विचार केला आणि हार घालायला गेले. नंतर लोकच म्हणू लागले की मान वळवल्यामुळे राणी जिवंत वाटते. आबा सगळी गर्दी पांगल्यावर आले, काकूंना घेऊन. पुतळ्याभोवती एक फेरी मारली. इमामभाई दुकानाच्या दारात उभं राहून, दुसरीकडे बघत असल्यासारखं करत होते.

"मान जरा जास्तीच वळलीय," आबा म्हणाले.

"बगा याचं," इमामभाई मला म्हणाले. "जन्मात कधी बरं म्हनंल तर शपथ."

आबा त्यांच्याकडे गेले आणि त्यांच्या बाकावर बसले. पलीकडे काकू पुतळ्याच्या घोड्याच्या पायावरून हात फिरवत होत्या. इमामभाईंनी चहा मागवला. त्या दिवशी त्यांची राणीवरून लढाई झाली नाही.

गेल्या महिन्यातली गोष्ट. मला सुट्टी होती, बायको माहेरी गेली होती. संध्याकाळी काकू पुन्हा निघाल्या. आता मीही सरावलो होतो, आबांच्या बरोबरीनं निघालो. या वेळी त्या पुलापर्यंत गेल्याच नाहीत, उसाच्या टोकाशीच बसल्या. आबा पुढे गेले. नेहमीचं बोलणं झालं. पण परत येताना काकू मध्येच थांबल्या आणि वळून म्हणाल्या, "तुम्ही एवढी वाट दावली. घरी येऊन च्या घेतल्याबिगर जायाचं न्हाई. आमचं घर हितंच हाय."

"येतो की," आबा म्हणाले. "ह्ये आमचं पाव्हणं हायेत बरोबर. त्यांनाबी घेऊन येतो."

घराशी आल्यावर काकूंनी स्वतः दार उघडलं. "या, बसा. आमचं वडील शेतावनं येत्याल आता." आबा दाराबाहेर थांबले. चपला काढल्या. ज्या खुर्चीवर ते रोज बसतात तिच्यावर न बसता भिंतीकडच्या लोखंडी खुर्चीच्या कडेवर टेकले, टोपी नीट केली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. आपल्याच घरात माणूस असा परका होऊन बसलेला मी कधी पाहिला नव्हता. काकूंनी तांब्याभांडं आणून दिलं. मग जरा लांब उभं राहून विचारलं, "कुण्या गावचं तुम्ही?"

"वडगावचा."

"हिकडं कसं येणं केलं?"

मला वाटलं, आता ते काहीतरी जमवून सांगतील. बाजार, बैल, काहीतरी. त्यांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"मुलगी बगाय आलोय," ते म्हणाले.

काकूंनी झटकन पदर पुढे ओढला आणि आत गेल्या. मी आबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. आतून भांड्यांचा आवाज येत होता. गॅसचं बटण आठवणीनं बंद होतंय का हे बघायला मी नेहमीसारखा स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. काकू चहात साखर घालत होत्या. माझी चाहूल लागली तसं त्यांनी हळूच हाक मारली.

"आवो, ऐकलं का? तुमच्या संगं आल्यात त्ये, सोभावानं कसं हायेत?"

"चांगले आहेत, काकू."

"खरं सांगा. मारहाण, दारूबिरू?"

"नाही. काहीच नाही."

त्यांनी विचार केला. "दिसाय बरं हायेत," त्या म्हणाल्या. "पन वयानं जरा थोराड वाटत्यात."

काकूंनी चहा कपात गाळला, गॅस आठवणीनं बंद केला, कपाखाली बशी ठेवली आणि बशीवर सांडलेला थेंब पदरानं पुसला.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "मानूस चांगला आसला म्हंजी झालं."

मी कप घ्यायला हात पुढे केला, पण त्यांनी तो माझ्याकडे दिला नाही. डोक्यावरचा पदर नीट केला, खाली बघत बाहेरच्या खोलीत गेल्या आणि बशी पुढे धरली. आबा खुर्चीवरून उठले. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.